रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (जन्म : १४ जानेवारी १८८२, मृत्यू : १४ ऑक्टोबर १९५३) हे भारतातील संततिनियमनाच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक, लैंगिक शिक्षणाचे पुरस्कर्ते, बुद्धिवादी लेखक आणि 'समाजस्वास्थ्य' या मराठी मासिकाचे संपादक होते. व्यवसायाने ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत सुरू केलेले संततिनियमनाचे केंद्र हे भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. गर्भधारणा टाळणे आणि लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांपासून बचाव करणे या दोन्ही गोष्टींचे ज्ञान सर्वसामान्य स्त्रीपुरुषांना मिळाले पाहिजे, या मतासाठी त्यांनी नोकरी गमावली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली न्यायालयात शिक्षाही सोसली. त्यांच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी एचआयव्हीच्या साथीमुळे हे दोन प्रश्न पुन्हा एकत्र आले आणि त्यांच्या कार्याला नवा संदर्भ मिळाला.

जन्म आणि कौटुंबिक पार्श्वभूमी

रघुनाथरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरूड या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे आणि त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई यांचे ते ज्येष्ठ पुत्र होत. १८९१ मध्ये राधाबाईंचे बाळंतपणात निधन झाले. त्या वेळी रघुनाथरावांचे वय अवघे ९ वर्षांचे होते. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले.

१८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे आनंदीबाई अथवा बाया कर्वे या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. या विवाहामुळे मुरूडच्या समाजाने कर्वे कुटुंबाला वाळीत टाकले. रूढ चालीविरुद्ध वागण्याची किंमत एका कुटुंबाला कशी मोजावी लागते, हे रघुनाथरावांनी अशा रीतीने लहानपणीच जवळून पाहिले. वडिलांचे पुढील आयुष्य विधवांच्या व स्त्रियांच्या शिक्षणाला वाहिलेले होते. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली.

शिक्षण आणि अध्यापन

रघुनाथरावांचे शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. त्यानंतर त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९०४ मध्ये बी. ए. ची पदवी मिळवली. वडिलांप्रमाणेच गणित हा त्यांचा विषय होता. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी गणिताचे उच्च शिक्षण घेतले. फ्रेंच भाषेवर त्यांनी प्रभुत्व मिळवले आणि युरोपातील संततिनियमनविषयक व कामविज्ञानविषयक लेखनाशी त्यांचा निकटचा परिचय झाला.

मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाविषयी ते उघडपणे लिहू-बोलू लागल्यावर महाविद्यालयाचे ख्रिस्ती मिशनरी चालक अस्वस्थ झाले आणि त्यांनी कर्वे यांना राजीनामा देण्यास सांगितले. कर्वे यांनी प्रचार थांबवला नाही व नोकरी सोडली. यानंतर स्थिर उत्पन्नाचे साधन त्यांच्याजवळ उरले नाही आणि उर्वरित आयुष्य त्यांनी आर्थिक ओढाताणीत काढले.

संततिनियमनाचे केंद्र

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात बालविवाह प्रचलित होते. मुलींना लहान वयात मातृत्व येई, बाळंतपणे एकापाठोपाठ एक होत आणि त्यांत स्त्रिया व अर्भके मोठ्या संख्येने दगावत. पाश्चात्त्य देशांतही संततिनियमनाचा उघड प्रचार करणे सोपे नव्हते. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात उघडलेले केंद्र पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले होते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र मार्च १९२१ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी कर्वे यांनी मुंबईत आपले केंद्र सुरू केले. त्यामागे सरकारचे किंवा कोणत्याही मोठ्या संस्थेचे पाठबळ नव्हते.

त्या काळी उपलब्ध असलेली साधने मर्यादित होती. पुरुषांसाठी रबरी निरोध, स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या मुखावर बसवण्याची रबरी टोपी, शुक्रजंतुनाशक औषधी गोळ्या व मलमे ही त्यांतील प्रमुख होत. यांतील बरीचशी साधने परदेशातून येत आणि सामान्य कुटुंबाला ती महाग पडत. संततिप्रतिबंधक तोंडी गोळ्या आणि तांबी यांचा काळ अजून बराच दूर होता. रबरी टोपी योग्य मापाची असावी लागे आणि ती बसवण्याची रीत स्त्रीला समजावून द्यावी लागे. त्यामुळे साधनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व माहितीला होते. ही माहिती सोप्या मराठीत देणे हे कर्वे यांच्या कार्याचे मुख्य अंग बनले.

गुप्तरोग आणि संततिनियमन

'संततिनियमन : आचार आणि विचार' हा कर्वे यांचा या विषयावरील प्रमुख ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'गुप्तरोगांपासून बचाव' हे पुस्तकही त्यांनी लिहिले. मूल केव्हा व किती व्हावे हा प्रश्न आणि लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गाचा प्रश्न हे दोन्ही त्यांनी समाजाच्या स्वास्थ्याचे प्रश्न म्हणून एकत्र हाताळले.

या मांडणीला त्या काळच्या वैद्यकीय वास्तवाचा आधार होता. उपदंश (गरमी) आणि परमा हे रोग शहरांत मोठ्या प्रमाणावर पसरलेले होते. नवऱ्याकडून पत्नीला आणि गरोदर पत्नीकडून पोटातील मुलाला उपदंशाचा संसर्ग होई. त्यातून गर्भपात होत, मूल मृत जन्मे किंवा जन्मतःच रोगग्रस्त असे. आईला परमा असल्यास प्रसूतीच्या वेळी अर्भकाच्या डोळ्यांना संसर्ग होऊन ते आंधळे होण्याचा धोका असे. परम्यामुळे स्त्रियांना वंध्यत्वही येई आणि त्याचा दोष बहुधा स्त्रीलाच दिला जाई. उपदंशाचे निदान करणारी वासरमान चाचणी १९०६ मध्ये शोधली गेली होती आणि १९१० पासून साल्वार्सन हे औषध मिळू लागले होते. परंतु हे उपचार दीर्घ, खर्चिक आणि त्रासदायक होते. पेनिसिलिनचा उपचार १९४० च्या दशकातच उपलब्ध झाला. तोपर्यंत प्रतिबंध हाच सर्वांत भरवशाचा मार्ग होता.

प्रतिबंधाची माहिती दिल्यास अनीती वाढेल, असा आक्षेप कर्वे यांच्या विरोधकांनी सातत्याने घेतला. रोग हा पापाचे फळ आहे, ही कल्पना या आक्षेपाच्या मुळाशी होती. कर्वे यांना ती मान्य नव्हती. रोगाला कारण जंतू असतात, त्यांचा नीतीशी संबंध नसतो आणि माहिती दडवल्याने निष्पाप पत्नी व मुले यांचाच बळी जातो, अशी त्यांची भूमिका होती. गर्भधारणा व रोग या दोहोंपासून एकाच वेळी संरक्षण देणारे साधन म्हणजे निरोध. त्याविषयी उघडपणे लिहिणे त्या काळी असभ्य समजले जाई.

'समाजस्वास्थ्य' मासिक

जुलै १९२७ मध्ये कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत ते चालू राहिले आणि त्याचा अखेरचा अंक त्यांच्या निधनानंतर नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला. संपादन आणि बरेचसे लेखन कर्वे स्वतःच करीत. मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. शरीर ही लाजिरवाणी वस्तू नाही, हे त्यातून त्यांना सुचवायचे होते. या मुखपृष्ठामुळे अनेकांना मासिक घरात उघडपणे ठेवणे अवघड जाई.

संततिनियमन, गुप्तरोग, कामविज्ञान, विवाहसंस्था, आहार, धर्मचिकित्सा आणि बुद्धिवाद हे मासिकाचे विषय होते. 'शारदेची पत्रे' या सदरात कर्वे यांनी शारदा या स्त्रीच्या नावाने सामाजिक विषयांवर लेखन केले. वाचकांच्या शंकांना उत्तरे देणारे सदर हे मासिकाचे वैशिष्ट्य होते. वैद्यांना, डॉक्टरांना किंवा घरच्या माणसांना विचारता न येणारे प्रश्न वाचक पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना थोडक्यात, स्पष्ट व शास्त्रीय उत्तर देत. डग्लस हेन्स आणि श्रीकांत बोत्रे या इतिहासकारांनी या पत्रव्यवहाराचा अभ्यास केला असून, पश्चिम भारतातील मध्यमवर्गीय पुरुषांच्या लैंगिक चिंता समजून घेण्याचे ते महत्त्वाचे साधन ठरले आहे.

विचार

मूल हवे की नको, हे ठरवण्याचा अधिकार प्रामुख्याने स्त्रीचा आहे, कारण गर्भारपणाचा व बाळंतपणाचा भार तीच वाहते, असे कर्वे यांचे मत होते. लैंगिक सुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्या काळातील संततिनियमनाचे बहुतेक पुरस्कर्ते लोकसंख्यावाढ किंवा वंशसुधारणा या कारणांवर भर देत. कर्वे यांच्या लेखनातही हे मुद्दे आढळतात. तथापि व्यक्तीचे, विशेषतः स्त्रीचे, स्वातंत्र्य व सुख हा त्यांच्या मांडणीचा गाभा राहिला.

कृत्रिम साधनांना महात्मा गांधींचा विरोध होता आणि संयम किंवा ब्रह्मचर्य हाच संततिनियमनाचा योग्य मार्ग आहे, असे ते मानीत. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर यांनी वर्धा येथे गांधीजींची भेट घेतली, तेव्हाही त्यांनी हेच मत कायम ठेवले. ब्रह्मचर्याला आरोग्यशास्त्राचा आधार नाही आणि सामान्य विवाहित जोडप्यांना तो उपाय व्यवहार्य नाही, अशी कर्वे यांनी त्यावर टीका केली. राष्ट्रीय चळवळीच्या भरात गांधीजींना असा विरोध करणारे लेखक अल्पसंख्य होते. त्यामुळे सनातन्यांबरोबरच अनेक सुधारकांचाही कर्वे यांना पाठिंबा मिळाला नाही.

न्यायालयीन खटले

'समाजस्वास्थ्य' मधील लेखनाबद्दल कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरण्यात आले. व्यभिचाराच्या प्रश्नाची चर्चा करणाऱ्या लेखावरून १९३१ मध्ये त्यांना अटक झाली आणि न्यायालयाने त्यांना १०० रुपये दंड केला. उच्च न्यायालयात केलेले अपीलही फेटाळले गेले.

१९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर दुसरा खटला झाला. या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, तसेच लोकांच्या मनातील विकृती दूर करण्याचा मार्ग ज्ञानच असू शकतो, असा आंबेडकरांच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. नोकरी सुटलेल्या संपादकाच्या दृष्टीने ही रक्कम मोठी होती. दोन्ही खटले हरल्यानंतरही मासिक व त्यातील प्रश्नोत्तरांचे सदर बंद पडले नाही.

आंबेडकरांचा या विषयातील सहभाग त्या खटल्यापुरता मर्यादित नव्हता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार प्रभाकर जनार्दन रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी ठराव मांडला. त्यामागे आंबेडकरांची प्रेरणा होती. ठरावाच्या बाजूने ११ आणि विरोधात ५२ मते पडून तो नामंजूर झाला.

मालतीबाई कर्वे

रघुनाथरावांच्या पत्नी मालतीबाई यांचा त्यांच्या कार्यात मोठा वाटा होता. केंद्रावर येणाऱ्या स्त्रियांना परपुरुषाशी या विषयावर बोलणे अवघड जाई. मालतीबाईंमुळे त्यांना मोकळेपणाने विचारता येई. या दांपत्याने स्वतः अपत्य होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता आणि त्याबद्दल त्यांना समाजाची टीका ऐकून घ्यावी लागली. संसाराची आर्थिक बाजू सांभाळण्यातही मालतीबाईंनी साथ दिली. पतीच्या हयातीतच त्यांचे निधन झाले.

अखेरची वर्षे

कर्वे यांच्या आयुष्याच्या अखेरीस परिस्थिती हळूहळू बदलू लागली होती. १९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या मताच्या प्रचारासाठी कर्वे यांना नोकरी सोडावी लागली, ते मत तीस वर्षांनी सरकारी धोरणाचा भाग झाले. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे यांचे निधन झाले. त्यांचे वडील त्या वेळी हयात होते. धोंडो केशव कर्वे यांना १९५८ मध्ये भारतरत्न हा किताब मिळाला व १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. रघुनाथरावांना मात्र हयातीत कोणताही मोठा सार्वजनिक सन्मान लाभला नाही.

कार्याचा वारसा

रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कन्या शकुंतला परांजपे (१९०६–२०००) यांनी रघुनाथरावांच्या प्रेरणेने १९३८ पासून पुण्यात कुटुंबनियोजनाचे काम सुरू केले. त्या पुढे महाराष्ट्र विधान परिषदेच्या आणि राज्यसभेच्या सदस्य होत्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९६८ मध्ये सरकारने 'निरोध' स्वस्त दरात किराणा व पानाच्या दुकानांतून विकण्यास सुरुवात केली. सरकारी प्रचारात मात्र त्याची ओळख लहान कुटुंबाचे साधन एवढीच राहिली आणि रोगप्रतिबंधाचा मुद्दा मागे पडला. कार्यक्रमाचा भर हळूहळू शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टांकडे वळला. आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) झालेल्या सक्तीच्या नसबंदीमुळे कुटुंबनियोजनाचे नाव लोकांच्या मनात भीतीशी जोडले गेले. माहिती देऊन निर्णय व्यक्तीवर सोपवावा, या कर्वे यांच्या मांडणीशी हा मार्ग विसंगत होता.

एचआयव्हीच्या काळातील संदर्भ

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे आढळला. १९९० च्या दशकात महाराष्ट्र हे अधिक प्रादुर्भाव असलेल्या राज्यांपैकी एक ठरले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि पुण्याच्या भोसरी भागात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. कर्वे यांनी गुप्तरोगांविषयी ज्या गोष्टींकडे लक्ष वेधले होते, त्या या साथीत पुन्हा दिसून आल्या. अनेक विवाहित स्त्रियांना संसर्ग पतीकडूनच झाला, आईकडून मुलाला संसर्ग होण्याचा धोका निर्माण झाला आणि रोग्याला पापी ठरवण्याची वृत्तीही परतली.

एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या बाबतीत संततिनियमन व रोगप्रतिबंध वेगळे काढता येत नाहीत. गोळ्या, तांबी किंवा नसबंदी यांमुळे गर्भधारणा टळते, परंतु विषाणूचा प्रसार थांबत नाही. निरोध दोन्ही कामे करतो. मात्र त्याच्या वापरात चूक किंवा खंड पडल्यास गर्भधारणा होऊ शकते. त्यामुळे निरोधाच्या जोडीला दुसरे एखादे साधन वापरण्याचा, म्हणजे दुहेरी संरक्षणाचा, सल्ला दिला जातो. एचआयव्हीवरील काही औषधांमुळे विशिष्ट संप्रेरकयुक्त साधनांचा परिणाम कमी होतो, म्हणून साधनाची निवड डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी लागते.

मूल हवे असणाऱ्या जोडप्यांचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. उपचार न घेतल्यास आईकडून मुलाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते आणि योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. भारतात सरकारी रुग्णालयांतून १ एप्रिल २००४ पासून एआरटी उपचार मोफत मिळू लागले. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. या कायद्यानुसार एचआयव्हीबाधित गर्भवतीचा गर्भपात किंवा नसबंदी तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. मूल होऊ द्यावे की नाही, याचा निर्णय पुरेशी माहिती मिळालेल्या स्त्रीने घ्यावा, हे तत्त्व कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मधून पाव शतक मांडले होते.

ग्रंथसंपदा

संततिनियमन व गुप्तरोग यांवरील उपरोक्त पुस्तकांखेरीज 'आधुनिक कामशास्त्र' (१९३४), 'आधुनिक आहारशास्त्र' आणि 'वेश्याव्यवसाय' ही त्यांची उल्लेखनीय पुस्तके होत. त्यांनी कथालेखनही केले. त्यांच्या निवडक लेखनाचे अनेक खंड अनंत देशमुख यांनी संपादित केले आहेत. य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे.

चित्रपट आणि नाटक

अमोल पालेकर दिग्दर्शित 'ध्यासपर्व' (२००१) हा चित्रपट कर्वे यांच्या जीवनावर आधारित आहे. त्यात किशोर कदम यांनी रघुनाथरावांची आणि सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंची भूमिका केली. या चित्रपटाला कुटुंबकल्याण विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कर्वे यांच्यावरील खटल्यांवर आधारित 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अजित दळवी यांनी लिहिले. त्याचे दिग्दर्शन अतुल पेठे यांनी केले असून रघुनाथरावांची भूमिका गिरीश कुलकर्णी यांनी साकारली आहे.